जुन्या टेस्ट इक्विपमेंटवरचे आरएफ कनेक्टर: काढून टाकण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुनी टेस्ट इक्विपमेंट एकगठ्ठा हाती आली आहेत. सिग्नल जनरेटरवर एन टाइपचं सॉकेट आहे, व्हॅक्यूम ट्यूबच्या ऑसिलोस्कोपवर जाड आट्यांची यूएचएफ सॉकेटं आहेत. सोबत डबाभर काळवंडलेले, चांदीचा मुलामा दिलेले कनेक्टर आहेत आणि त्यांत नर कोणता, मादी कोणता, ते कळत नाही. एका हाय व्होल्टेज सप्लायवर बीएनसीसारखं दिसणारं एक सॉकेट आहे, पण त्यात बीएनसी प्लग नीट बसत नाही. हे सगळं काढून सरसकट एसएमए किंवा बीएनसी बसवावं का?

नाही. कारणं सविस्तर सांगतो, पण आधी त्या हाय व्होल्टेज सप्लायबद्दल, कारण तिथे जिवाला धोका आहे.

बायोनेटच्या (ढकलून थोडं फिरवून अडकवायच्या जोडणीच्या) दोन खुंट्या बीएनसीसारख्याच, आकारही जवळपास तोच, पण मधलं पांढरं इन्सुलेटर जास्त पुढे आलेलं, आणि बीएनसी प्लग अर्ध्यात अडतो: हे वर्णन एमएचव्ही कनेक्टरचं आहे. जोर लावला तर काही वेळा बीएनसी त्यात बसतोही, आणि खरा धोका तिथेच आहे. एमएचव्ही सुमारे ५००० व्होल्टपर्यंतच्या कामासाठी वापरत. साधा बीएनसी ५०० व्होल्टचा. बीएनसीची केबल त्या सॉकेटला लागली की तिच्या दुसऱ्या टोकाला ते व्होल्टेज उघडं पडतं. एमएचव्हीत आणखी एक दोष आहे, तो योग्य प्लग वापरला तरी राहतो. प्लग ओढून काढताना बाहेरच्या कवचाचा अर्थशी संपर्क आधी तुटू शकतो आणि मधली पिन क्षणभर जोडलेलीच राहते. त्या क्षणी तुमच्या हातातलं धातूचं कवच अर्थवर नसतं. म्हणूनच पुढे एसएचव्ही कनेक्टर आला. त्यात मधला संपर्क इन्सुलेटरच्या खूप आत असतो आणि काढताना तो अर्थच्या आधी तुटतो.

तेव्हा तो सप्लाय बंद करा, त्याचा भिंतीतला मेन्सचा प्लग काढून ठेवा, आतले कपॅसिटर ब्लीडर रेझिस्टरमधून पूर्ण डिस्चार्ज झालेत याची मीटरने खात्री करा, आणि मगच पुढचा विचार करा. तुमच्या सगळ्या संचात कनेक्टर बदलाच असं मी फक्त या एका उपकरणाबद्दल म्हणेन: एमएचव्ही काढून एसएचव्ही, सॉकेट आणि केबल दोन्हीकडे. बाकी सगळ्यांना माझा सल्ला उलटा आहे.

मुळात आरएफ, म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सीचा, कनेक्टर हा ट्रान्समिशन लाइनचा (सिग्नल लाटेसारखा नेणाऱ्या केबलचा) एक तुकडा असतो. नुसता वीज इकडून तिकडे नेणारा जोड म्हणून त्याच्याकडे पाहू नका. त्याचा इम्पिडन्स, म्हणजे लाइनमधल्या लाटेच्या व्होल्टेज आणि करंटचं गुणोत्तर, ठरतो तो बाहेरच्या नळीचा आतला व्यास आणि मधल्या दांड्याचा व्यास यांच्या गुणोत्तरावरून. त्या गुणोत्तराचा दहाच्या पायावरचा लॉग घ्या, १३८ ने गुणा, आणि मध्ये हवेऐवजी दुसरं काही असेल तर त्याच्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकाच्या वर्गमुळाने भागा. हवा असेल तर ५० ओहमसाठी गुणोत्तर २.३ येतं, ७५ ओहमसाठी ३.५. मध्ये टेफ्लॉन भरलेलं असेल तर ५० ओहमसाठी तेच ३.३५ च्या आसपास जातं. हे गुणोत्तर वाटेत जिथे बदलतं तिथून सिग्नलचा काही भाग परत फिरतो. ५० ओहमला ७५ जोडला तर परावर्तन गुणांक ०.२ आणि व्हीएसडब्ल्यूआर (लाइनवरच्या सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी व्होल्टेजचं गुणोत्तर; १ म्हणजे काहीच परत फिरत नाही) १.५. ५० ला ६० जोडला तर व्हीएसडब्ल्यूआर १.२.

उपकरण बनवणाऱ्याने जे आकडे मॅन्युअलमध्ये छापले, म्हणजे आउटपुट लेव्हल, अटेन्युएटरची अचूकता, इनपुटचा व्हीएसडब्ल्यूआर, ते सगळे पॅनेलवरच्या मूळ कनेक्टरच्या तोंडापाशी मोजलेले असतात. तो कनेक्टर कापून आत दहा सेंटिमीटर केबल आणि वेगळं सॉकेट घातलं की ते आकडे त्या उपकरणाला लागू राहत नाहीत. नवं सॉकेट कितीही महागाचं असलं तरी हे बदलत नाही. माझा सगळा आग्रह यासाठी आहे.

आता एकेक कनेक्टर घेऊ.

ऑसिलोस्कोपवरचं यूएचएफ सॉकेट, म्हणजे एसओ-२३९, आणि त्याचा प्लग पीएल-२५९. हा १९३० च्या दशकातला, अ‍ॅम्फेनॉल या कनेक्टर कंपनीच्या ई. क्लार्क क्वॅकेनबुश यांचा. नावात यूएचएफ असलं तरी त्या नावावर जाऊ नका, तेव्हा ३० मेगाहर्ट्झच्या वरचं बरंच काही त्या नावाखाली जायचं. याचा इम्पिडन्स ठरवून दिलेला नाही, आतल्या भागात तो साधारण ३५ ओहमच्या आसपास पडतो. यावरून लोक त्याला सरसकट टाकाऊ म्हणतात. ते मला पटत नाही. टेक्ट्रॉनिक्स ५४५ ऑसिलोस्कोपची बँडविड्थ ३० मेगाहर्ट्झ. त्या फ्रिक्वेन्सीची तरंगलांबी १० मीटर आणि कनेक्टरची लांबी अडीच सेंटिमीटर, म्हणजे चारशेवा भाग. त्यातून इनपुट १ मेगओहमचा. तिथे या कनेक्टरमुळे काहीही बिघडत नाही. तोच कनेक्टर ५०० मेगाहर्ट्झला ५० ओहमच्या लाइनमध्ये घातला तर मात्र हिशेबाने व्हीएसडब्ल्यूआर १.२ च्या आसपास जातो, आणि मोजमापात ते चालणार नाही. शिवाय एसओ-२३९ च्या मधल्या भोकात ४ मिलिमीटरचा बनाना प्लग सरळ बसतो. कमी फ्रिक्वेन्सीच्या कामात ही मोठीच सोय आहे. टेक्ट्रॉनिक्सने पुढे त्याच मालिकेतल्या प्लग-इनवर (ऑसिलोस्कोपमध्ये सरकवायच्या, बदलता येणाऱ्या इनपुटच्या भागावर) बीएनसी द्यायला सुरुवात केली, त्यामुळे एकाच मॉडेलवर दोन्ही प्रकार दिसले तर गोंधळू नका.

सिग्नल जनरेटरवरचा एन टाइप ही वेगळ्याच दर्जाची गोष्ट आहे. बेल लॅब्जच्या पॉल नील यांनी १९४० च्या दशकात तो केला, नावातला एन त्यांचाच. इम्पिडन्स सांभाळून केलेला हा सुरुवातीच्या कनेक्टरांपैकी एक. साधे एन ११ गिगाहर्ट्झपर्यंत आणि प्रिसिजन एन १८ गिगाहर्ट्झपर्यंत चालतात. ही १८ ची मर्यादा भूमितीतून येते. बाहेरच्या नळीचा व्यास ७ मिलिमीटर आणि दांड्याचा ३.०४ धरला तर १९ गिगाहर्ट्झच्या सुमाराला लाइनमध्ये दुसऱ्या प्रकारची लाट उभी राहू शकते, आणि मग आकड्यांवर भरवसा उरत नाही. थोडं अंतर राखून १८.

एनबाबत दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. पहिली: एन आणि यूएचएफ या दोन्हींचे आटे तेच आहेत, ५/८ इंच, इंचाला २४. नुसते आटे जुळले म्हणून जोडी जुळली असं समजू नका, मधली पिन बघा. पीएल-२५९ ची पिन ४ मिलिमीटर जाडीची, एनची साधारण १.६५. दुसरी जास्त महाग पडते: ७५ ओहमचे एनही असतात, बाहेरून हुबेहूब तसेच, पण त्यांची पिन जेमतेम ०.९ मिलिमीटरची. ५० ओहमचा नर ७५ च्या मादीत घुसवला तर आतली बोटं कायमची फाकतात किंवा तुटतात. उलट केलं, ७५ चा नर ५० च्या मादीत घातला, तर काही मोडत नाही, पण संपर्क लागून-सुटून होतो आणि दोष भलत्याच ठिकाणी शोधत बसायची वेळ येते. जुन्या ढिगातला प्रत्येक एन वापरण्याआधी त्याची पिन कॅलिपरने मोजा. यात सवलत नाही.

मोजताना भिंगही घ्या, दहा पटींचं पुरे. मादीच्या मधल्या संपर्काला चार किंवा सहा चिरा असतात. त्या चिरांमधली सगळी बोटं एकसारखी मिटलेली हवीत. एक बोट बाहेर वळलेलं दिसलं, किंवा एखादं नसलंच, तर तो कनेक्टर बाजूला काढा, कारण तो पुढच्या प्रत्येक प्लगची पिन ओरखडत जाईल. मग बाहेरच्या नळीची कड बघा. तिथे चमकदार, अखंड वर्तुळ दिसायला हवं. जोडणी खरी तिथे होते, आट्यांवर नव्हे, आटे फक्त दाबून धरतात. त्या वर्तुळावर खाच किंवा पितळाचा बारीक कीस दिसला तर तो आधी काढा. शेवटी पिनची खोली. मधला संपर्क ठरलेल्या पातळीपेक्षा पुढे आलेला असेल तर जोडताना दोन मधले दांडे एकमेकांवर आदळतात, मागचं इन्सुलेटर सरकतं किंवा उपकरणाच्या आतला सांधा सुटतो. खोली मोजायचं गेज असेल तर उत्तमच. नसेल तर एक चांगला माहितीतला कनेक्टर शेजारी धरून डोळ्याने ताडून पाहा, ढोबळ दोष तेवढ्यानेही सापडतात.

बीएनसीबद्दल फार लिहीत नाही, तो सगळ्यांच्या हातातला आहे. नील आणि अ‍ॅम्फेनॉलचे कार्ल कॉन्सेलमन यांची नावं त्याच्यात आहेत. याच घडणीशी जोडलं जाणारं पेटंट मात्र हेझल्टाइन कंपनीच्या ऑक्टॅव्हिओ सलाती यांचं, अर्ज १९४५ चा, मंजुरी १९५१ ची. कागदावर तो ४ गिगाहर्ट्झचा आहे. पण बायोनेटमध्ये थोडी हालचाल राहतेच. त्यामुळे १-२ गिगाहर्ट्झच्या वर केबल हलवली की वाचन हलतं, आणि घासलेल्या जुन्या बीएनसीत तर आणखी खालीच हे सुरू होतं. ही हालचाल काढण्यासाठी त्याचंच आट्यांचं रूप टीएनसी आलं. कॉन्सेलमन यांच्या नावाचा सी टाइपही तुम्हाला जुन्या उपकरणांवर दिसेल, एनच्या मापाचा पण बायोनेटचा. ७५ ओहमचे बीएनसीही असतात, मात्र त्यांची पिन ५० वाल्याच्याच मापाची असल्यामुळे जोडल्याने मोडतोड होत नाही. एनसारखी भीती इथे नाही.

आता तुमचा तो काळवंडलेला डबा. त्यात नर-मादी कळत नाही, कारण ते नाहीतच. तुमच्या वर्णनावरून ते जनरल रेडिओचे ८७४ आहेत, आणि माझ्या मते तुमच्या ढिगातली सगळ्यात मौल्यवान गोष्ट तीच आहे. जनरल रेडिओ ही १९१५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला सुरू झालेली कंपनी. १९४० च्या दशकाच्या शेवटी तिने हा कनेक्टर काढला. दोन्ही बाजूंना एकसारखा कनेक्टर, म्हणून कोणताही भाग कोणत्याही भागाला जोडता येतो.

एक हातात घ्या आणि समोरून पाहा. बाहेरची नळी चार पाकळ्यांत चिरलेली दिसेल, मधला दांडाही तसाच चिरलेला. समोरासमोरच्या दोन पाकळ्या किंचित बाहेरच्या बाजूला आणि उरलेल्या दोन किंचित आतल्या बाजूला अशी मांडणी असते. दुसरा कनेक्टर त्याच्यासमोर धरा आणि पाव वळण फिरवा, म्हणजे याच्या बाहेरच्या पाकळ्या त्याच्या आतल्या पाकळ्यांवर येतात. आता सरळ ढकला. पाकळ्या स्प्रिंगसारख्या एकमेकांवर घासत जातात आणि बसतात. फिरवून आवळणं नाही, पाना नाही. काही ८७४ वर बाहेरून आवळायची रिंग असते. ते लॉकिंग प्रकार, त्यांची हालचाल कमी आणि गळतीही कमी. लॉकिंग आणि साधा हे एकमेकांना जोडता येतात, फक्त कुलूप लागत नाही.

या कनेक्टरभोवती त्या कंपनीने एक पूर्ण संच उभा केला होता: टी, टर्मिनेशन, अटेन्युएटर, स्लॉटेड लाइन (लाइनवरचं व्होल्टेज जागोजागी मोजता येईल अशी चिरेची लाइन), फिल्टर, एअर लाइन (मध्ये फक्त हवा असलेली लाइन). ८७४-एल३० ही एअर लाइन ३० सेंटिमीटरची, म्हणजे जवळजवळ नेमका १ नॅनोसेकंदाचा विलंब. आजही टीडीआर (पल्स सोडून परत आलेला प्रतिध्वनी पाहणारं उपकरण) किंवा छोटा व्हीएनए (व्हेक्टर नेटवर्क अनॅलायझर) तपासायला तिच्याइतकी सरळ गोष्ट मिळणं अवघड आहे. टेक्ट्रॉनिक्सने आपल्या सॅम्पलिंग ऑसिलोस्कोपवर हाच कनेक्टर वापरला होता. अडॅप्टरांची नावंही पद्धतशीर: क्यूएनजे म्हणजे ८७४ ते एनची मादी, क्यूएनपी म्हणजे एनचा नर, क्यूबीजेए आणि क्यूबीपीए हे बीएनसीचे. डब्यात अशी अक्षरं कोरलेला तुकडा सापडला तर जपून ठेवा, त्याच्यामुळे बाकी सगळा डबा वापरात येतो.

काळवंडलेपणाची काळजी करू नका. तो चांदीच्या सल्फाइडचा थर आहे, आणि जोडताना पाकळ्या घासल्या की संपर्काच्या जागी तो आपोआप निघतो. दोन-चार वेळा जोडून-सोडून बघा. त्याने भागलं नाही तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. पॉलिश पेपर, स्टील वूल, भांडी घासायची पावडर यातलं काहीही लावू नका. १ गिगाहर्ट्झला प्रवाह पृष्ठभागापासून साधारण २ मायक्रॉनच्या थरातच वाहतो. म्हणजे तुमचा सिग्नल त्या मुलाम्यातूनच जातो, आणि मुलामा घासून काढला की तो खालच्या धातूतून जायला लागतो. चांदी चकाकवायची रासायनिक द्रावणं मी जोडलेल्या कनेक्टरवर अजिबात वापरत नाही. ती फटीत राहतात आणि महिन्यांनी हिरवा गंज बाहेर येतो. फारच गरज पडली तर पूर्ण सुटे केलेले धातूचे भागच त्यात घालावेत आणि पाण्याने भरपूर धुवावेत.

जुन्या कनेक्टरांतलं इन्सुलेटर ओळखायला शिका, त्यावर बरंच अवलंबून असतं. तपकिरी असेल तर ते फिनॉलिक, म्हणजे बेकेलाइटच्या जातीचं. जुन्या पीएल-२५९ मध्ये ते सर्रास दिसतं. काचेसारखं पारदर्शक असेल तर पॉलिस्टायरिन. दुधासारखं पांढरं, नखाला मेणचट लागणारं असेल तर टेफ्लॉन. पॉलिस्टायरिनला अ‍ॅसिटोन आणि थिनर विरघळवतात, आणि सोल्डरिंगची उष्णता त्याला वितळवते. तेव्हा पारदर्शक इन्सुलेटर दिसलं की फक्त आयसोप्रोपिल, आणि सोल्डर करायचंच असेल तर जास्त वॅटचं सोल्डरिंग आयर्न वापरून झटकन उरका. कमी वॅटचं सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ धरून ठेवलं की उष्णता आत पोहोचते.

८७४ ची मर्यादा साधारण ९ गिगाहर्ट्झच्या आत. त्याच मापाचा अतिशय काटेकोर भाऊ म्हणजे ९००, तो ८.५ गिगाहर्ट्झपर्यंत प्रयोगशाळेतल्या मानकांसाठी होता. तुमच्या डब्यात तो असण्याची शक्यता कमी आहे, पण असलाच तर त्याला टेबलावर मोकळा ठेवू नका.

नर-मादी नसलेला दुसरा महत्त्वाचा कनेक्टर एपीसी-७. १९६० च्या दशकात अ‍ॅम्फेनॉल आणि ह्यूलेट-पॅकार्ड यांच्या कामातून तो आला. ७ मिलिमीटरची एअर लाइन, १८ गिगाहर्ट्झपर्यंत. ह्यूलेट-पॅकार्डच्या नेटवर्क अनॅलायझरच्या टेस्ट सेटवर तो बराच काळ राहिला, ८५०४६ए च्या पोर्टवर तोच आहे. यात दोन सपाट तोंडं एकमेकांना भिडतात, आणि मध्ये एक बारीकसा स्प्रिंगचा कॉलेट (चिरलेली संपर्काची नळी) अगदी किंचित पुढे आलेला असतो. जोडण्याची पद्धत अशी: एका बाजूची आतली आट्यांची बाही पूर्ण बाहेर काढायची, दुसऱ्या बाजूची पूर्ण आत घ्यायची, तोंडं सरळ भिडवायची, आणि आत घेतलेल्या बाजूची बाहेरची नट बाहेर काढलेल्या बाहीवर फिरवायची. शरीर धरून ठेवा, फक्त नट फिरवा. तोंडं एकमेकांवर फिरली तर मुलामा खरवडला जातो. आवळायचा टॉर्क १.३६ न्यूटन मीटर, प्रिसिजन एनलाही तोच चालतो. सोडून ठेवताना बाही बाहेर काढून ठेवा, म्हणजे टेबलावर टेकलं तरी सपाट तोंड धातूच्या कडेआड राहतं. कॉलेट दबून राहिला असेल तर तो बदलता येतो. त्यासाठी कनेक्टर टाकून देण्याची गरज नाही.

इम्पिडन्सच्या दृष्टीने दोन अपवाद तुम्हाला कधीतरी भेटतील. जर्मन उपकरणांवर, विशेषतः रोडे अँड श्वार्त्झच्या जुन्या मॉडेलांवर, डेझिफिक्स नावाचा कनेक्टर असतो, तोही नर-मादी नसलेला. तिकडे पूर्वी ६० ओहमची पद्धत होती, त्यामुळे डेझिफिक्स ५० चा आहे की ६० चा हे उपकरणाच्या प्लेटवरून किंवा मॅन्युअलवरून पक्कं करा. ६० ओहमच्या उपकरणाला ५० ओहमची केबल लावली तर जग बुडत नाही, फक्त लेव्हलच्या आकड्याला दुरुस्ती लागते. दुसरा अपवाद टेक्ट्रॉनिक्स ५१९, १ गिगाहर्ट्झचा ऑसिलोस्कोप, ज्याचा इनपुट १२५ ओहमचा होता. त्याला सरळ ५० ओहम जोडलं तर परावर्तन गुणांक ०.४३ येतो, म्हणजे पल्सचा आकार ओळखू येणार नाही. अशा उपकरणाला मॅचिंग पॅड (दोन वेगळे इम्पिडन्स जुळवणारं रेझिस्टरांचं जाळं) लागतो, नुसतं अडॅप्टर पुरत नाही.

आता एसएमए का नको ते. एसएमए उत्तम कनेक्टर आहे, १८ गिगाहर्ट्झपर्यंत मजेत चालतो, पण त्याचा जन्म उपकरणाच्या पोटातल्या जोडण्यांसाठी झाला. मूळ कल्पना ०.१४१ इंचाच्या सेमी-रिजिड केबलची होती, इतकी की त्या केबलचा मधला तांब्याचा दांडाच पिन म्हणून पुढे यायचा. एकदा जोडायचं आणि विसरायचं, अशी ती जोडणी. सर्वसाधारण एसएमए सुमारे ५०० जोडण्यांचा धरला जातो, आणि तोही ठरलेल्या टॉर्कने आवळला तर: पितळी असेल तर ०.५६ न्यूटन मीटर. दिवसातून अनेकदा केबल बदलली जाते अशा फ्रंट पॅनेलवर, हाताने किंवा भलत्या पान्याने आवळला जाणारा एसएमए लवकर संपतो. त्या जागी एन हा धडधाकट कनेक्टर आहे. तो काढून एसएमए लावणं म्हणजे दरवाजाची बिजागरी काढून तिथे पेटीची बिजागरी बसवणं.

मग रोजच्या कामासाठी काय करायचं? अडॅप्टर. पण एका पोर्टवर एकच, आणि चांगलं. दोन अडॅप्टर एकापुढे एक लावली आणि प्रत्येकाचा व्हीएसडब्ल्यूआर १.१ असला, तर वाईटात वाईट वेळी दोन्हींची परावर्तनं जुळून १.२१ होतात. आणि हे फक्त त्या जागेपुरतं राहत नाही. सोर्सचा परावर्तन गुणांक ०.२ आणि लोडचाही ०.२ असेल, तर केबलच्या लांबीनुसार लेव्हल ०.३५ डेसिबल वर किंवा खाली जाऊ शकते, आणि ती कोणत्या बाजूला गेली हे तुम्हाला कळत नाही. म्हणून यूएचएफ ते बीएनसी, त्यावर बीएनसी ते एन, त्यावर एन ते एसएमए अशी रांग लावू नका. हवं ते थेट अडॅप्टर मिळवा.

जुन्या अमेरिकी लष्करी क्रमांकांनी शोधलंत तर नेमकं मिळतं. एसओ-२३९ वर बसणारा आणि पुढे बीएनसीची मादी देणारा तो यूजी-२७३. तुमच्या ऑसिलोस्कोपला हवा तो हाच. एनच्या सॉकेटवर बसून बीएनसीची मादी देणारा यूजी-२०१. एनचा काटकोनी यूजी-२७, एनची टी यूजी-१०७, बीएनसीची टी यूजी-२७४. आरजी-५८ केबलला पीएल-२५९ लावायचा असेल तर मध्ये यूजी-१७५ ही कमी व्यासाची बाही लागते. हे क्रमांक बहुतेक वेळा कनेक्टरच्या कडेवर बारीक अक्षरांत ठोकलेले असतात. भिंगाखाली तिरपा प्रकाश टाकला की वाचता येतात.

अडॅप्टर एकदा लावलं की कायम लावूनच ठेवा. मग रोजची झीज अडॅप्टरची होते आणि पॅनेलवरचा मूळ कनेक्टर वाचतो. अडॅप्टर झिजलं की बदला. त्याचा हिशेब मोजमापात धरायचा असेल तर व्हीएनएवर एकदा मोजून आकडे त्याच्यासोबत कागदावर लिहून ठेवा.

मूळ कनेक्टर खरोखरच गेलेला असेल, म्हणजे मधला संपर्क जळालेला, इन्सुलेटर तडकलेलं, आटे उतरलेले, तर तो बदलायलाच हवा. तेव्हा त्याच जातीचा, त्याच इम्पिडन्सचा लावा, आणि आतली जोडणी होती तेवढ्याच लांबीची ठेवा. सोल्डरच्या जागी वायर थोडी लांब सोडली, शील्डला पिळून एका बाजूला बांधलं, की तिथे इंडक्टन्स तयार होतो आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला लेव्हल पडते. बाहेरचा कंडक्टर मधल्याभोवती सगळीकडून बंद राहिला पाहिजे. बदलण्याआधी आणि नंतर रिटर्न लॉस (सिग्नलचा किती भाग परत फिरतो त्याचं माप) मोजा, दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा.

तुमच्या ऑसिलोस्कोपबाबत एक सोय आहे. एसओ-२३९ च्या चौकोनी फ्लँजची चार भोकं आणि एनच्या यूजी-५८ पॅनेल सॉकेटची चार भोकं सारख्याच अंतरावर आहेत, साधारण १८.२ ते १८.३ मिलिमीटर, आणि मधलं मोठं भोकही दोघांना ५/८ इंचाचंच लागतं. त्यामुळे एखादं यूएचएफ सॉकेट निकामी निघालं आणि तसंच मिळालं नाही, तर यूजी-५८ त्याच स्क्रूंवर बसतं, पॅनेलला ड्रिल लावावं लागत नाही, आणि पुढे मूळ सापडलं तर परत लावता येतं. बीएनसीचा यूजी-२९० मात्र त्या भोकांवर बसणार नाही, त्याची फ्लँज लहान असते.

आधी सप्लायचं काम करा. मग एक यूजी-२७३, एक यूजी-२०१ आणि ८७४ ते एनचं एक अडॅप्टर एवढंच घ्या. ढिगातल्या एनच्या पिना मोजून ७५ ओहमचे असतील ते वेगळ्या पिशवीत घाला आणि पिशवीवर ठळक लिहा. ८७४ चे तुकडे पुसून त्यांच्यावर काय अक्षरं कोरलेली आहेत ती कळवा. त्यावरून स्लॉटेड लाइन किंवा एअर लाइनचा पूर्ण संच जमतो का, ते सांगता येईल.